अल्बम जुळवण्याआधी

मे महिन्यात पनवेल स्थानकावरून कोकणात जाणाऱ्या गाड्या भरभरून सुटतात आणि पावसाच्या सुमारास घरे पुन्हा गजबजतात. एका कुटुंबाच्या आठ दिवसांचे फोटो तेव्हा चार-पाच मोबाइलमध्ये विखुरलेले असतात. त्यांचे डिजिटल स्क्रॅपबुक, म्हणजे संगणकावर जुळवलेली चिकटवही, करायला बसले की लक्ष आधी चौकटींकडे आणि नक्षीकडे जाते. खरे नुकसान मात्र त्याआधीच होऊन गेलेले असते.

फोटो एकत्र करण्याचा सोपा मार्ग म्हणजे घरचा व्हॉट्सॲप ग्रुप. डेटा कमी खर्च व्हावा म्हणून तिथे फोटो लहान करून पाठवला जातो. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा, म्हणजे तितक्या ठिपक्यांचा असतो. नेहमीच्या पद्धतीने पाठवल्यावर त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. उत्तम छपाईला इंचामागे ३०० ठिपके धरतात. त्या हिशेबाने मूळ फोटो १३ इंच रुंद छापता येतो, ग्रुपवरचा जेमतेम ५ इंच. मोबाइलवर हा फरक जाणवत नाही. मोठ्या पानावर आजीचा चेहरा पुसट उमटतो, तेव्हा तो कळतो.

दुसरे नुकसान डोळ्यांना दिसतही नाही. मूळ फाइलमध्ये मेटाडेटा, म्हणजे फोटो कधी आणि बहुधा कुठे काढला याची नोंद, दडलेला असतो. ग्रुपवर पाठवताना तो गळून पडतो. अँड्रॉइड फोनवर आलेल्या फाइलच्या नावात तारीख असते खरी, पण ती फोटो मिळाल्याची. मग थिबा राजवाडा आधी पाहिला की गणपतीपुळ्याचा सूर्यास्त, हे दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर फाइल जशीच्या तशी पोहोचते.

मराठीची अडचण आणखी वेगळी. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे मराठी दिसली, तरी आत साठवलेली चिन्हे रोमन असतात. फॉन्ट बदलला की ओळीचा कचरा होतो. काही सॉफ्टवेअरमध्ये तर ‘किल्ला’ची वेलांटी ‘क’च्या पलीकडे जाऊन पडते. ओळी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांनी मान्य केलेल्या अक्षरसंकेतांत लिहिल्या, तर त्या पुढेही वाचता आणि शोधता येतात.

साठवणीचेही तसेच. गूगल फोटोजची अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून संपली. आता १५ जीबी मोफत मिळते, तीही मेलसकट. कागदालाही अभय नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात कित्येक घरांतले अल्बम चिखलात गेले. म्हणून मूळ फाइली दोन वेगळ्या जागी आणि छापील प्रत तिसरीकडे, भावाच्या किंवा बहिणीच्या घरी, असावी.

हे सारे पाहिल्यावर आम्हाला वाटते की सजावटीचा अर्धा वेळ निवडीला आणि ओळी लिहायला द्यावा. पूर्वी रोलमध्ये ३६ फोटो असत, त्यामुळे निवड कॅमेऱ्यामागेच होई. आता ती घरी बसून करावी लागते, आणि ती करताना वडीलधारी माणसे शेजारी हवीत. कर्नाळ्याच्या सुळक्याखाली टोपी घालून उभा असलेला मुलगा कोण, त्या दिवशी डब्यात काय होते, हे आत्याला ठाऊक असते. तिने सांगितलेली ओळ तिच्याच शब्दांत, तिच्या नावासह, त्या फोटोखाली याच सुटीत उतरवून घ्यावी.