सातबाऱ्यावर अजून त्याचंच नाव

आज बोंडअळी नाही, फवारणी नाही. जरा वेगळं लिहितो.

2021 च्या एप्रिल-मे मध्ये मिहानचं एम्स काय अन् नागपूरचं मेडिकल-मेयो काय, खाट मिळणं मुश्किल होतं. ऐन खरिपाच्या तोंडावर घरची कर्ती माणसं गेली. अंत्यविधीला 20 जणांची मर्यादा. तेरवी धड झाली नाही, बसायला कोणी आलं नाही. अन् महिनाभरात पेरणी.

सरकारनं काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. 50,000 रुपये सानुग्रह मदत आली. दोन्ही पालक गेलेल्या लेकरांच्या नावे 5 लाखांची ठेव ठेवली. एकल महिलांसाठी 'मिशन वात्सल्य' आलं, तालुक्याला समित्या झाल्या. पण अर्ज भरायला घरातलं कोणी उठायच्या स्थितीत तर पाहिजे ना!

वारस नोंदीची खबर कायद्यानं 3 महिन्यांत द्यायची असते. ती राहिली की सातबारा मेलेल्याच्या नावावर, अन् बायकोला पीक कर्ज नाही. अशी नावं किती राहिली असतील, की 2025 मध्ये राज्याला 'जिवंत सातबारा' मोहीम घ्यावी लागली.

काही जण म्हणतील, सांत्वन वेगळं अन् कागद वेगळे. शेतकऱ्याच्या घरात तसं नसते. वावर पडीक राहिलं की दुःख दुप्पट होते.

आपल्याकडे इर्जिक होती. अडलेल्याचं वावर गाव मिळून पेरून द्यायचं. साथीत गेलेल्यांच्या घरासाठी हेच पाहिजे होतं, अन् पुढची साथ आली तर आधीच ठरलेलं पाहिजे:

– तलाठ्याकडे त्या ताईसोबत गावातल्या एकानं जावं.
– पहिल्या हंगामाची पेरणी अन् फवारणी इर्जिकीनं व्हावी.
– कृषी सहाय्यक साहेबांनी गटातला मेलेल्याचा नंबर काढून ताईचा टाकावा. सल्ला बंद फोनवर जाऊन काय उपयोग? शेतीशाळेलाही तिलाच बोलवा.
– झोप नाही, जेवण जात नाही, असं दिवसेंदिवस चाललं तर 14416 वर टेलिमानसला फोन लावून द्या. फुकट आहे, मराठीत बोलतात.

यातलं एकही काम सरकारी आदेशाची वाट पाहत नाही. तुमच्या गावात असं घर असेल, तर पोळ्याच्या आधी एकदा जाऊन या. अन् सातबारा कोणाच्या नावावर आहे, तेवढं नक्की विचारा.