हायड्रेंजिया फुलत नाही? आधी कात्री बाजूला ठेवा

यशवंतपूरच्या तुमच्या बाल्कनीत हायड्रेंजिया हिरवागार आहे, पण फूल नाही? छाटणी कधी केली ते आठवा. निळ्या-गुलाबी गुच्छांच्या नेहमीच्या जातीत पुढच्या बहराच्या कळ्या बहुतेक जुन्या फांद्यांवर तयार होतात. हिवाळ्यात फांद्या छाटल्या, की फुलंही गेली. म्हणून बहर संपताच छाटा.

बर्फाच्या देशांत याच कळ्या गोठून मरतात. तिथल्या नातेवाइकांना 'पॅनिक्युलाटा' जात सुचवा. ती नव्या फांदीवर फुलते.

बंगळूरुत मात्र त्रास दुपारच्या उन्हाचा. कुंडीला सकाळचं कोवळं ऊन द्या. माती ओलसर हवी, पण पाणी साचू देऊ नका. आम्लधर्मी मातीत फूल निळं होतं, अल्कधर्मी मातीत गुलाबी.

आणि हो, पानं-फुलं विषारी असतात. मुलांच्या हाती लागू देऊ नका!