बिल शून्य, पण कॅपॅसिटर हवाच



साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून वीज मोफत आहे. त्यामुळे कॅपॅसिटरचा विषय काढला की बरेच जण म्हणतात, "बिलच येत नाही, मग खर्च कशाला?" माझं मत उलटं आहे. कारखान्यात कॅपॅसिटर गेला की पॉवर फॅक्टर पडतो, बिल फुगतं आणि मालक लगेच इलेक्ट्रिशियनला बोलावतो. आपल्याकडे सांगायला बिलच नाही. आपल्याला कळतं ते डीपी जळल्यावर, आणि तोवर मोगरा कळीवर आलेला असतो.

साधा हिशोब बघा. पूर्ण लोडवरची ५ एचपीची थ्री-फेज मोटर साधारण ८ अँपियर ओढते. २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर लावला की लाईनवरचा करंट पावणेसातपर्यंत येतो. अशा १० पंपांचा ५७-५८ केव्हीएचा भार ४८-४९ वर उतरतो. ६३ च्या डीपीला एवढी उसंत खूप झाली. पण खरं सांगतो, एकट्याने लावून फार फरक पडत नाही. एका डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून लावला पाहिजे. आणि ऑटो स्विच काढा. लाईट आली की सगळ्या मोटरी एकदम उठतात, तिथे कॅपॅसिटरही काय करणार?

लावलेला असेल तर चालू आहे का ते बघा. डबा फुगलाय, तेल झिरपलंय, टर्मिनल काळं पडलंय तर तो गेला. वरून ठीक दिसला तरी इलेक्ट्रिशियनकडून क्लॅम्प मीटरने कॅपॅसिटरच्या तिन्ही वायरी तपासून घ्या. २ केव्हीएआरला पूर्ण व्होल्टेजवर प्रत्येकी पावणेतीन अँपियरच्या आसपास यायला हवा. व्होल्टेज कमी असेल तर तिन्हीत सारखाच कमी येईल. एकीतच कमी किंवा शून्य असेल तर आधी कनेक्शन घट्ट करा, मग डब्याला दोष द्या. आपल्याकडच्या पावसात उघड्या पेटीतली टर्मिनलं गंजतात, निम्मा त्रास तिथेच असतो.

कॅपॅसिटर गेला म्हणून वायर काढून मोटर तशीच चालवू नका. मोटर चालते, म्हणूनच दुर्लक्ष होतं. बदलताना ३ एचपीला १, ५ ला २, साडेसातला ३ केव्हीएआर. मोठा घेतला तर जास्त फायदा, असं अजिबात नाही. जोडणी स्टार्टरच्या पुढे, मोटरच्या बाजूला, म्हणजे मोटरबरोबर तोही बंद होतो.

सिंगल-फेज मोटरचा कॅपॅसिटर वेगळा. त्यावर मायक्रोफॅरडचा जो आकडा असेल तोच घ्या.

मेन स्विच बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो. पाच मिनिटं थांबा, आणि तरीही उघडा हात लावू नका.

तुमच्या डीपीवर किती पंप आहेत आणि त्यातल्या किती जणांकडे कॅपॅसिटर आहे, एवढं याच नंबरवर कळवा. एका डीपीचे सगळे तयार असतील तर इलेक्ट्रिशियनला एकाच दिवशी बोलावता येईल.