किंमत ओळखणारा माणूस

दुकाने रोज बंद पडतात. आमच्या नाक्यावरचा रेडिओ दुरुस्त करणारा गेला, फौंटनपेनवाला गेला. त्यांच्यावर आम्ही चार ओळीही लिहिल्या नाहीत. मग इंग्लंडातले छोट्या आगगाड्यांचे दुकान बंद झाले, त्याचे आम्हाला काय, असे कोणी विचारील. विचारावेच. त्याचे उत्तर शेवटी आमच्या घरात येऊन पोहोचते.

लिव्हरपूल हे आगगाडीचे जुने गाव. वाफेच्या इंजिनाची लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे १८३० साली सुरू झाली. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली ती त्यानंतर तेवीस वर्षांनी, १८५३ साली. याच लिव्हरपुलात फ्रँक हॉर्नबी नावाचा एक कारकून मांस आयात करणाऱ्या पेढीत हिशेब लिहीत असे. आम्हीही खर्डेघाशीच करतो, म्हणून त्याच्याविषयी आम्हाला जास्त आपुलकी. इंजिनिअरिंगची पदवी नसताना त्याने आपल्या मुलांसाठी पत्र्याच्या पट्ट्यांना भोके पाडून खेळणी जोडली, १९०१ साली पेटंट घेतले, आणि त्यातून मेकॅनो जन्मला. १९२० पासून त्याच्या कारखान्यातून किल्लीच्या आगगाड्याही निघू लागल्या.

त्याच शहरात, स्मिथडाउन रोडवर, नॉर्मन हॅटन यांनी १९४६ साली दुकान काढले. पुढे ते जवळच्या विडनेस गावी गेले आणि इंटरनेटवरून देशोदेशी माल पाठवू लागले. या गाड्यांना निव्वळ खेळणी म्हणणे बरोबर नाही. तिकडच्या नेहमीच्या मापात सगळे खऱ्याच्या शहात्तराव्या हिश्शाचे असते. वीस मीटरचा डबा सव्वीस सेंटिमीटरचा होतो, रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर. जानेवारी २०२४ मध्ये मालकांनी जाहीर केले की आता धंदा आवरतो. दिवाळे निघाले नव्हते; पण नफा काही वर्षे घटत आला होता. ७८ वर्षांचा व्यवहार रीतसर मिटवायचे ठरले. वेळेवर मिटवणे हेही हिशेबाचेच काम आहे, हे कॉमर्स शिकलेला कोणीही मान्य करील.

आम्ही थांबलो ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. नव्या मालाबरोबर हे दुकान लोकांचे जुने संग्रहही विकत घेई. एखादा माणूस चाळीस वर्षे इंजिने जमवतो आणि एक दिवस जातो. घरच्यांपुढे खोकी उरतात. मूळ खोके शाबूत आहे का, रंग कारखान्याचा की मागून दिलेला, मोटर फिरते का, यावर किंमत ठरते. घरच्यांना यातले काही ठाऊक नसते. आज उत्पादक गिऱ्हाइकाला थेट माल विकतात. घरबसल्या वस्तू मिळते, कधी स्वस्तही मिळते. पण खोके उघडून "बाई, हे फेकू नका" असे सांगणारा जाणकार मिळणे कठीण.

आता आमचे सांगतो. आमचे वडील माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. दूधपावडरीच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी आम्हाला आगगाडीचा एक डबा करून दिला होता. चाके सोड्याच्या बाटलीच्या बुचांची, खिडक्या नीट कापलेल्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, मुलाचा हात कापू नये म्हणून. ते गेल्यावर वर्षभराने घर बदलताना त्यांची हत्यारांची पेटी आम्हीच भंगारवाल्याला किलोवर घातली. कानशी, पकडी, पाने, त्यांनी स्वतः घडवलेली मापे. रात्री आईने विचारले, "अरे, पेटीच्या तळाशी तुझा डबा होता, तो काढून ठेवलास ना?"

सकाळी भंगारवाल्याकडे धावलो. माल पुढे गेला होता. बी.कॉम. झालेल्या मुलाला वजन कळले, किंमत कळली नाही. आई त्यावर पुन्हा एक शब्दही बोलली नाही.

म्हणून विनंती अशी. या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा. पेटी, फळी, माळा उघडा. हत्यारे असोत, जुनी पुस्तके असोत, सभांची पत्रके असोत की फोटो. काय आहे, कोणाचे, कधीचे, पुढे कोणाकडे जावे, हे त्यांच्याच तोंडून ऐका आणि शंभर पानी वहीत उतरवा. फोटोच्या मागे नावे लिहा, पेन्सिलीने. वहीला वीस-तीस रुपये पडतील. तो माणूस गेल्यावर मात्र ही माहिती कोणत्याही बाजारात मिळत नाही.

विडनेसचे दुकान मिटले, तरी त्याने काढलेल्या गाड्यांचे काही साचे दुसऱ्या उत्पादकाने घेतले. दुकान उघडे होते तोवर व्यवहार झाला, म्हणून ते वाचले. आपल्या घरातल्या पेट्यांचा व्यवहारही माणूस समोर आहे तोवरच होतो.

आई आता ऐंशीला टेकली आहे. आमची वही आम्ही गेल्या महिन्यात सुरू केली. पहिल्या पानावर त्या पत्र्याच्या डब्याची नोंद आहे. शेरा: 'हरवला. चूक आमची.'