अब्बांना किनारा दिसला पाहिजे

भाईजान मार्चमध्ये निवृत्त झाला. हातात आलेल्या पैशातून अब्बांना जहाजाने नॉर्वेला न्यायचं त्याने ठरवलंय. मुंबईच्या एजंटने दिलेली दोन पत्रकं व्हॉट्सॲपवर पाठवून म्हणाला, ‘‘तू वाचतेस, शिकवतेस. सांग, कुठलं घेऊ?’’ मी स्वतः बोटीत बसले ती फक्त अलिबागला जाताना. तरी मत मागितलंय, तर देते.

पहिलं पत्रक अवाढव्य जहाजाचं. तीन हजारांवर प्रवासी, तलाव, थिएटर, कॅसिनो. इंग्लंडच्या साउथॅम्प्टनहून निघणार, सात रात्री, चार बंदरं. दुसरं नॉर्वेच्या किनारी बोटीचं. ही सेवा १८९३ साली टपाल, माल आणि माणसं पोहोचवायला सुरू झाली, नाव हुर्टिग्रुटन. बर्गेनहून निघायचं, रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत जायचं आणि बाराव्या दिवशी परत बर्गेनला. वाटेत ३४ बंदरं. आजही तिच्यातून गावकरी आणि माल चढतो-उतरतो. थोडक्यात, समुद्रातली एस.टी. आता हाविला नावाची दुसरी कंपनीही याच मार्गावर बोटी चालवते.

माझं मत एस.टी.ला.

अब्बांनी १९८८ साली मुंबईहून ‘अकबरी’ जहाजाने हज केला. जहाजाने हजला जाणं १९९५ नंतर बंदच झालं, त्यामुळे ती आठवण घरात जपून ठेवल्यासारखी आहे. जाताना आठवडाभर नुसतं पाणी, येताना पावसाळ्यातला खवळलेला अरबी समुद्र. नॉर्वेचं नाव निघालं तेव्हा अब्बा एवढंच म्हणाले, ‘‘अब की बार किनारा दिखना, बस.’’

मग विचार जहाजाचा नाही, वाटेचा करायला हवा. साउथॅम्प्टनहून निघालेलं जहाज आधी उत्तर समुद्र ओलांडणार, म्हणजे जाता-येता पुन्हा नुसतं पाणी. शिवाय ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि नॉर्वेसाठी शेंगेन वेगळा. किनारी बोट बराचसा प्रवास बेटं आणि मुख्य भूमी यांच्यामधून करते. डोंगर, लाल घरं, मासे वाळत घातलेली लाकडी मांडवं डेकवरूनच दिसतात. तिची बरीच बंदरं अर्ध्या तासाचीच असतात, हे खरं. पण जे पाहायचं ते वाटेवरच आहे. आणि जाताना जी गावं रात्री निघून जातात, त्यातली पुष्कळशी परतताना दिवसा लागतात. म्हणून एका बाजूचं तिकीट घेऊ नये.

चार बंदरांचा हिशेब मला आमच्या दौलताबादेत रोज दिसतो. वेरूळ, किल्ला, बीबी का मकबरा एकाच दिवसात उरकणारी बस इथे तासभर थांबते. लोक चांदमिनारापर्यंत जातात, तोफेजवळ फोटो काढतात, पेरू घेतात आणि निघतात. अंधारीतून वर बारादरीपर्यंत चढणारे थोडेच. गैरांगर हे फ्योर्डच्या टोकाचं गाव दोन-तीनशे वस्तीचं. तिथे एका जहाजातून तीन हजार माणसं उतरली, तर कोण काय पाहणार?

दुसरा प्रश्न नमाजचा. नॉर्थ केपला मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य मावळतच नाही. मग मगरिब कधी पढायची? जवळच्या अशा शहराच्या वेळा धरा जिथे दिवस-रात्र होते, किंवा मक्केच्या धरा, असे मार्ग उलेमांनी दिलेत. पण अब्बांना रोज घड्याळाशी झगडायला लावायचं कशाला? आमच्या दौलताबादेत येऊन गेलेल्या इब्न बतूताने उत्तरेकडच्या बुल्गारमधल्या रमजानचं वर्णन केलंय. रात्र इतकी छोटी की इफ्तार, इशा आणि तरावीह होईतो पहाट! तो तिथे खरंच पोहोचला का, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. अडचण मात्र त्याने बरोबर ओळखली होती.

सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गेलं, तर दिवस-रात्र सगळीकडे जवळपास सारखे असतात. पाचही वेळा आपल्या ओळखीच्या. उन्हाळ्यातली गर्दी ओसरलेली, आणि रात्री आकाश मोकळं असेल तर ध्रुवीय प्रकाशही दिसू शकतो. तोटेही आहेत. गैरांगरला ही बोट उन्हाळ्यातच वळते, तेव्हा ते सुटेल. शरदातली वादळं असतात, उघड्या समुद्राच्या पट्ट्यांत बोट डोलणार. खाण्याची चिंता नको, मासळी मुबलक आहे. (कोळंबी चालते की नाही, हा वाद अब्बा आणि भाईजान बोटीवरही घालतील.)

भाभीचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. मोठ्या जहाजावर डॉक्टर असतो, दवाखाना असतो. किनारी बोटीवर डॉक्टर नसतो. पुढचं बंदर जवळ असतं, हाच आधार. अब्बा ७८ वर्षांचे आहेत. मी भाईजानला लिहिलंय की आधी मुंबई-गोवा दोन रात्रींचा प्रवास करून बघा, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या आणि डॉक्टर ‘हो’ म्हणाले तरच पैसे भरा. ‘नाही’ म्हणाले, तर मोठं जहाज घ्या. पण तेही नॉर्वेच्या किनाऱ्यालगत जाणारं.

आणि बाल्कनीच्या खोलीवर पैसे घालवू नका. खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मधोमध असलेली खोली घ्या. तिथे हेलकावे कमी लागतात. अब्बा तसेही दिवसभर डेकवरच बसणार.