स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवा!

नेम चुकला की स्क्रू-ड्रायव्हर काढणाऱ्या लोकांचा मला भयंकर राग येतो. आमच्या पनवेलात ही जमात बरीच आहे. नात्यातही आहे, त्यामुळे हे वाचून दोन-चार फोन येणार. येऊ देत!

यांचे दोन प्रकार. पहिला, आजोबांची शिकारीची रायफल वारशाने मिळालेला. तिचा ट्रिगर हलका कर, नळी घास, असले उद्योग घरच्या टेबलावर चालतात. अहो, तुमचा परवाना बंदूक बाळगायचा. दुरुस्तीला शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो. आणि घासून हलका केलेला ट्रिगर नुसत्या धक्क्यानेही सुटू शकतो. घरात पोरंबाळं असतात हो! बरं, एवढा नेम सुधारून मारणार कोणाला? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. कर्नाळ्याच्या पक्ष्यांवर हात साफ करणार का?

दुसरा प्रकार, मुलांना एअर रायफल घेऊन देणारे पालक. गुण कमी आले की नवं जॅकेट, नवी साइट, महागडे छर्रे. आता मान्य, स्प्रिंगच्या रायफलीचे स्क्रू झटक्यांनी सैल होतात, ते आवळावेच लागतात. छर्रे बदलले की फरकही पडतो. पण १० मीटरवरचा दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा! तिथे श्वास चुकला तरी गुण गेला. त्याला जॅकेट काय करणार?

मग घरी करायचं काय? छर्रा न भरता सराव. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा. भिंतीवर ठिपका लावा, नीट उभे राहा, श्वास सोडा, हळू ट्रिगर दाबा आणि दाबताना साइट हलली का ते बघा. मॅचच्या रायफलींमध्ये यासाठी वेगळी सोय असते. स्प्रिंगची रायफल मात्र रिकामी उडवू नका, पिस्टन आपटून खराब होतो. ती नुसती धरून उभे राहा. रोज अर्धा तास. कंटाळवाणं आहे, शिवाय फुकट आहे, म्हणूनच कुणाला पटत नाही!

२००६ मध्ये पनवेलात लक्ष्य शूटिंग क्लब सुरू करणाऱ्या सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवले होते. ४० वेळा नेम धरला, ४० वेळा दहा. कुठला स्क्रू आवळल्यावर हे जमतं, सांगा बघू!