बक्षिसाचे गुण, सावकारीचे गणित

महाविद्यालयाचे सत्र सुरू झाले की अठरा वर्षे नुकतीच पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यापुढे एक नवा प्रश्न ठेवला जातो : कोणते क्रेडिट कार्ड अधिक बक्षीस देते? एकावर चित्रपटाच्या तिकिटात सवलत, दुसऱ्यावर जेवण घरपोच मागविल्यास दुप्पट ‘रिवॉर्ड पॉइंट’, तिसऱ्यावर खर्चाचा काही भाग परत. विद्यार्थी या आमिषांची तुलना करतो आणि आपण चोखंदळ ग्राहक झालो असे समजतो. वस्तुतः प्रश्नच चुकीचा घातलेला आहे. कर्जाची पारख बक्षिसावरून नव्हे, व्याजावरून करावयाची असते.

साधा हिशेब पाहावा. समजा, एका विद्यार्थ्याने कार्डावर रु. २०,००० खर्च केले. शंभराला एक रुपया धरला तर बक्षीस झाले रु. २००. महिनाअखेर घरून पैसे आले नाहीत आणि बाकी तशीच राहिली. दरमहा साडेतीन टक्के हा अशा कार्डांवर सर्रास आढळणारा दर. त्याने महिन्याचे व्याज होते रु. ७०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी रु. १२६. म्हणजे दोनशे मिळविण्यासाठी आठशे सव्वीस गेले! बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून सुमारे पाच टक्क्यांचा आकडा असतो. तेवढे हजारभर रुपये भरून विद्यार्थी निर्धास्त होतो. पण मुद्दल जेमतेम दोनशे रुपयांनी घटलेले असते, आणि बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीवरही व्याज चढू लागते.

ज्याला स्वतःचे उत्पन्न नाही अशा विद्यार्थ्याला बँका बहुधा मुदतठेवीच्या तारणावर कार्ड देतात. आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन ठेवलेल्या त्या रकमेवर सहा-सात टक्के व्याज मिळते. तिच्याच आधारावर दिलेल्या कार्डाच्या थकबाकीवर मात्र कित्येक ठिकाणी वर्षाला चाळीस टक्क्यांहून अधिक आकारणी होते. त्याच ठेवीवर सरळ कर्ज काढले तर ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच अधिक पडतात. तारण हातात असताना हा दर कोणत्या जोखमीचा?

यावर ठरलेले उत्तर असे की, जो वेळेवर पूर्ण बिल भरतो त्याला फायदाच होतो. हे खरे आहे. परंतु तो फायदा येतो कोठून? थकबाकीदाराच्या व्याजातून, आणि प्रत्येक विक्रीमागे दुकानदाराकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून. दुकानदार ते शुल्क किमतीत मिसळतो, आणि रोख पैसे मोजणारी मोलकरीणही ते भरते. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञांनी २०१० साली अमेरिकेचा हिशेब मांडला : रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब कार्डधारकांसाठी वर्षाला १४९ डॉलर मोजते, तर कार्डधारक कुटुंबाच्या पदरात ११३३ डॉलर पडतात. आकडे तिकडचे असले तरी यंत्रणा तीच आहे. ज्याला बक्षीस म्हणतात ती गरिबाच्या खिशातून श्रीमंताकडे वाहणारी धार आहे.

महाराष्ट्राला सावकारी नवी नाही. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, आणि १८७९ च्या कायद्याने परकीय सरकारलाही कर्जखतामागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना द्यावा लागला. आज खेड्यातल्या परवानाधारक सावकाराच्या व्याजावर राज्याच्या २०१४ च्या कायद्याने मर्यादा घालता येते. बँका मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. आणि बँकिंग नियमन कायद्यात १९८४ पासून अमलात आलेले २१-अ कलम, व्याज अवाजवी आहे एवढ्याच कारणाने न्यायालयाला तो व्यवहार पुन्हा उघडू देत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली तीस टक्क्यांवरील कार्डव्याज अनुचित ठरविले होते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. रिझर्व्ह बँक अवाजवी व्याज घेऊ नका असे सांगते, पण सर्वांना बंधनकारक असा आकडा ठरवीत नाही. गावच्या सावकाराला लगाम आणि वातानुकूलित सावकाराला मोकळे रान, हा कोणता न्याय?

भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेनेही २००९ साली कायदा करून, स्वतंत्र उत्पन्न वा सहस्वाक्षरीकर्ता नसलेल्या एकवीस वर्षांखालील तरुणांना कार्ड देण्यास मनाई केली, महाविद्यालयाच्या आवारात भेटवस्तू वाटून कार्डे खपविणे बंद केले आणि शिक्षणसंस्था व बँका यांच्यातील करार उघड करण्याचे बंधन घातले. येथे निदान तेवढे तरी मागावयास नको काय?

विद्यार्थी संघटनांनी हा प्रश्न वसतिगृहांपर्यंत न्यावा. ज्याला कार्ड घेणे भागच आहे त्याने वार्षिक शुल्क नसलेले, लहान मर्यादेचे एकच कार्ड घ्यावे. खात्यात आहे तेवढेच खर्चावे, बिल संपूर्ण फेडावे आणि कार्डावर रोख रक्कम कधीही काढू नये. पण एकेकट्याची सावधगिरी पुरेशी नाही. व्याजदराला कायद्याची कमाल मर्यादा हीच खरी मागणी आहे. सुप्याचे शेतकरी निरक्षर होते, तरी कर्जखतात काय दडले आहे हे त्यांना कळले होते. पदवीच्या वर्गात बसलेल्यांना ते कळू नये?